दहावी आली, संघ मोडला

जून उजाडला की नववी-दहावीच्या घरांत पहिली कात्री लागते ती मैदानाला आणि तबल्याच्या क्लासला. ‘हे एक वर्ष फक्त अभ्यास’ असे ठरते आणि पाचवीपासून जमत आलेला संघ विस्कटतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला व पुरुष अशा दोन्ही संघांनी जिंकला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तरीही शारीरिक शिक्षणाची तासिका गणिताला देऊन टाकण्याची शाळांची सवय सुटलेली नाही.

खो मिळेपर्यंत गड्याने उठायचे नसते आणि मिळाल्यावर क्षणही दवडायचा नसतो. समूहगायनात चांगला गळा असलेल्या मुलीलाही आपला आवाज शेजारणीच्या आवाजात मिसळावा लागतो, त्यासाठी आधी तिचे ऐकावे लागते. पंधराव्या वर्षी हे शिक्षण खोलीचे दार लावून मिळत नाही.

दहावीला क्रीडा व कलेचे वाढीव गुण मिळतात, ही सोय चांगलीच. पण ती स्पर्धा-परीक्षांत पुढे गेलेल्यांसाठी. राखीव खेळाडूला, मागच्या रांगेतल्या गायकाला त्यातले सहसा काही मिळत नाही. संघाची खरी गरज मात्र अनेकदा त्यांनाच असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर ही भिंत नाकारली आहे. मुख्याध्यापकांनी दहावीच्या वेळापत्रकातही खेळाच्या व संगीताच्या तासिका अबाधित ठेवाव्यात आणि निवड चाचणीत मागे राहिलेल्यांसाठी शाळेचा दुसरा संघ उभा करावा.