बुडत्या बँकांना दिलेल्या हाताचे मोल

१४ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी बड्या बँकांवर एक विशेष आकार बसविण्याचा प्रस्ताव मांडला. जनतेचा पैसा जनतेला परत मिळालाच पाहिजे, अशी त्यांची रोखठोक भूमिका होती. सव्वा वर्षापूर्वी, ऑक्टोबर २००८ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने वित्तसंस्था सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरांची तरतूद केली होती. आणि त्या पैशाने तगलेल्या बँका आता आपल्या अधिकाऱ्यांना भरघोस बोनस वाटावयास सिद्ध झाल्या होत्या. ज्याच्या घरावर जप्ती आली त्या करदात्याला हे पाहून संताप आला असेल, तर त्यात नवल ते काय?

प्रस्ताव साधा होता. ज्या संस्थांची मालमत्ता ५० अब्ज डॉलरांहून अधिक, त्यांच्या एकूण देण्यांतून विम्याचे संरक्षण असलेल्या ठेवी वगळाव्यात आणि उरलेल्या रकमेवर दरसाल शेकडा ०.१५ आकार घ्यावा. दहा वर्षांत सुमारे ९० अब्ज डॉलर जमतील, असा अंदाज होता. २००८ च्या मूळ कायद्यातच, पाच वर्षांनी तूट दिसल्यास ती वित्तसंस्थांकडून भरून काढण्याचा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडावा, असे कलम आहे. तरीही हा आकार कधीच अंमलात आला नाही. त्याच वर्षी वित्तीय सुधारणांच्या विधेयकात घातलेला १९ अब्ज डॉलरांचा आकारही मतांची जुळवाजुळव करताना गळून पडला.

या अपयशाबद्दल हळहळ व्यक्त करण्यापूर्वी हिशेबाची वही एकदा नीट उघडून पाहिली पाहिजे. त्या योजनेतून बँकांना सुमारे २४५ अब्ज डॉलर देण्यात आले, आणि लाभांश, व्याज व भागविक्री धरून सरकारी तिजोरीत सुमारे २७५ अब्ज परत आले. गोल्डमन सॅक्सने घेतलेले १० अब्ज डॉलर तर जून २००९ मध्येच, म्हणजे प्रस्तावाच्या आधी, फेडले होते. तोटा झाला तो अन्यत्र. जनरल मोटर्समध्ये सुमारे ११ अब्ज डॉलर बुडाले. कर्जबाजारी घरमालकांना दिलेले साहाय्य तर मुळात परत यावयाचे नव्हतेच. मोटार कंपन्यांना मात्र या आकारातून वगळले होते! तेव्हा 'परतफेड' या शब्दाच्या आधारावर उभा केलेला युक्तिवाद पोकळ ठरतो. ज्याने कर्ज फेडले त्याच्याकडे दुसऱ्याच्या कर्जाचा तगादा लावणे, याला न्याय म्हणता येणार नाही.

परंतु एवढ्याने बँका ऋणमुक्त झाल्या, असे मानणे ही दुसरी चूक होय. त्यांनी मुद्दल फेडले, व्याजही दिले. जोखमीची किंमत मात्र दिली नाही. वर्षभरात आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता कोणी परत मागत नाही. बडी बँक सरकार बुडू देणार नाही, असा विश्वास बाजारात रुजला की तिला कर्ज स्वस्त मिळते, आणि ही सवलत प्रत्यक्षात करदाता देत असतो. तिचे मोल वसूल करणे हाच या आकाराचा खरा आधार होता. ठेवीखेरीज बाजारातून उचललेल्या पैशावर तो बसावयाचा होता, हेही योग्यच होते. कारण २००८ साली घबराट माजली ती अशा अल्पमुदतीच्या उसनवारीतूनच. बँका हा बोजा ग्राहकांवर ढकलतील, हा आक्षेप मला फारसा वजनदार वाटत नाही. लहान बँकांना आकार नाही. मग बड्यांना दर वाढविण्याची मोकळीक कितपत राहणार?

वसुली मागाहून केली तर काय होते, हे २०२३ ने दाखविले. मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली. तिच्या नव्वद टक्क्यांहून अधिक ठेवी अडीच लाख डॉलरांच्या विमामर्यादेबाहेर होत्या. तरीही सर्व ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळाली. हा खर्च विशेष आकारणीने भरून काढणे कायद्याने बंधनकारक होते, आणि तशी आकारणी झालीही. जेपी मॉर्गन चेसने त्यापोटी सुमारे २.९ अब्ज डॉलरांची तजवीज केली. भागधारकांचे भांडवल गेले हे खरे, पण बुडालेली बँक आकार कसा भरणार? दंड पडला तो तगलेल्यांना.

म्हणून हप्ता आधीच घ्यावयास हवा. यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे. हप्ता भरणारा उद्या सुटकेवर हक्क सांगेल आणि अधिकच बेफिकीर होईल. मी हा धोका नाकारीत नाही. पण फुकट मिळणाऱ्या हमीने बेफिकिरी कमी होते, असे तरी अनुभवास कोठे आले आहे? युरोपातील बँकांनी २०१६ ते २०२३ या काळात वर्गणी भरून सुमारे ७८ अब्ज युरोंचा सामाईक निधी उभारला. तो वापरण्यापूर्वी भागधारकांना व धनकोंना झळ सोसावी लागते, ही त्यातील अट मोलाची आहे. ब्रिटनने २०११ पासून बँकांवर लावलेला कर मात्र सरळ सरकारी तिजोरीत जातो. त्याला विमा म्हणणे कठीण.

आपल्याकडे प्रश्नाचे रूप निराळे आहे. सरकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये २ लाख ११ हजार कोटी रुपयांची भांडवल-योजना जाहीर झाली. तेथे मालक सरकारच असल्याने आकार लावणे म्हणजे बव्हंशी एका खिशातील पैसा दुसऱ्यात घालणे. ठेवविम्याचा हप्ता मात्र सर्वच बँका भरतात, आणि सुरक्षित बँक असो वा बेफिकीर, १९६२ पासून तो सर्वांना एकाच दराने लागू झाला. २०२० पासून हा दर शंभर रुपयांमागे १२ पैसे होता. जोखीम पाहून हप्ता ठरविण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने केली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये.