जुनं नीट बंद करणारे

आमच्या ऑफिसात नवं सॉफ्टवेअर सुरू झालं की केक कापतात. जुनं नीट बंद करणाऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून मला सॅम नन आवडतात.

नन १९७२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून सिनेटवर निवडून आले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळत असताना त्याच्या अण्वस्त्रांची राखण कोण करणार, ही मोठी काळजी होती. डेमोक्रॅट नन आणि रिपब्लिकन रिचर्ड लुगर यांनी मिळून कायदा करून घेतला: कालच्या शत्रूची अण्वस्त्रं मोडायला अमेरिकेनं पैसे द्यायचे. (हे मतदारांना समजावून बघा!) त्यातून पुढे ७,६०० हून जास्त अण्वस्त्रं निकामी झाली.

१९९६ ची निवडणूक नन लढलेच नाहीत. काम मात्र सुटलं नाही. २००१ मध्ये टेड टर्नर यांच्यासोबत त्यांनी ‘न्यूक्लियर थ्रेट इनिशिएटिव्ह’ ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी बेलग्रेडजवळ विंचा इथल्या जुन्या अणुभट्टीतलं ४८ किलो अतिसमृद्ध युरेनियम हलवायचं होतं. बदल्यात तिथला किरणोत्सारी कचरा आवरायला मदत हवी होती, आणि अमेरिकी सरकारचा पैसा त्यासाठी वापरता येत नव्हता. संस्थेनं ५० लाख डॉलर देऊ केले. ऑगस्टमध्ये ते युरेनियम विमानानं रशियाला गेलं. दोन बॉम्बना पुरलं असतं.