आधी चावडी, मग संगणक

नागपूरच्या दक्षिण वेशीवरील बेसा हे काल-परवापर्यंत शेतीवाडीचे गाव होते. आज तेथील शेतांचे भूखंड झाले आहेत आणि ग्रामपंचायतीची जागा बेसा-पिपळा नगरपंचायतीने घेतली आहे. इथल्या कित्येक घरांतील मुले-मुली मिहानमधील संगणक-कंपन्यांत नोकरीला जातात. या घरांची चूल संगणकावर पेटते. परंतु बेसा ओलांडून थोडे पुढे गेले की कपाशीची आणि सोयाबीनची शेते लागतात आणि तेथे हाच संगणक कित्येकांच्या चुलीवर पाणी ओततो. हे विधान कोणाला अतिशयोक्त वाटेल. म्हणून उदाहरणच देतो.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर 'ई-पीक पाहणी' सुरू झाली. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करीत असे. आता शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून ती करावी, अशी अपेक्षा आहे. 2023 च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीनसाठी शासनाने हेक्टरी 5000 रुपयांचे साहाय्य जाहीर केले, तेव्हा ही नोंद हीच पात्रतेची कसोटी ठरली. ज्यांच्यापाशी तसा मोबाईल नव्हता, ज्यांच्या शिवारात संपर्क मिळत नव्हता, त्यांचे पीक शेतात उभे होते. पण नोंदीत नव्हते. ओरड झाल्यावर 2024 मध्ये ही अट शिथिल करावी लागली. मला विचारावेसे वाटते, पीक खरे की नोंद खरी?

त्याआधी 2017 मध्ये कर्जमाफीचे असेच झाले. अर्ज केवळ संगणकावरूनच भरावयाचा, पती-पत्नी दोघांनी केंद्रावर अंगठा द्यावयाचा. कापूस वेचून आणि निंदण करून झिजलेल्या अंगठ्याच्या रेषा यंत्राला उमटेनात. रांगा लागल्या, मजुरी बुडाली. पुढे बँकांकडून आलेल्या माहितीत अनेक शेतकऱ्यांपुढे एकच आधार क्रमांक आढळला. चूक यंत्रणेची, खेटे मात्र गरिबाने घालावयाचे!

यावर सुशिक्षित मंडळी म्हणतील, "फादर, आपण काळाचे चक्र उलटे फिरवू पाहता. तलाठ्याची मनधरणी करण्याचे दिवस विसरलात काय?" मुळीच विसरलो नाही. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि अनेकांचे हेलपाटे वाचले, हे मी आनंदाने मान्य करतो. माझा वाद यंत्राशी नाही. यंत्र आले म्हणजे विकास झाला, या भोळ्या श्रद्धेशी माझा वाद आहे. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील सातनवरी हे देशातील पहिले 'स्मार्ट' गाव म्हणून गाजले. त्या गावाचे भले होवो. परंतु फलक लावण्यापूर्वी वारणेची कहाणी आठवावी.

1998 मध्ये कोल्हापूर-सांगली भागातील वारणानगरच्या परिसरात 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. सुमारे अडीच कोटींचा खर्च केंद्र, राज्य आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी उचलला. संगणकावरून खेड्याला जगाचे ज्ञान मिळेल, अशी स्वप्ने रंगविली गेली. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्याचा उपयोग कशासाठी केला? आपला ऊस किती भरला, तोड केव्हा मिळणार, हिशेब किती निघाला, एवढ्यासाठीच. पुढे 2006-07 च्या सुमारास सात गावांत एक प्रयोग झाला आणि हेच काम साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने भागते, असे दिसून आले.

यातून दोन बोध मिळतात. पहिला असा की, गावकरी यंत्राकडून स्वप्ने मागत नाही, आपल्या घामाचा हिशेब मागतो. दुसरा बोध अधिक महत्त्वाचा आहे. वारणेत संगणक चालला, कारण तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेली सहकाराची घडी तेथे कित्येक वर्षे आधीपासून होती. हिशेब विचारण्याची जागा होती, विचारणारे सभासद होते. जेथे विचारणाराच नाही, तेथे संगणक चुकीवर शिक्कामोर्तब तेवढे करतो.

तेव्हा करावे काय? उपाय आपल्याच मातीत आहे. सातबारा संगणकावर चढविताना झालेल्या चुका शोधण्यासाठी 2017 मध्ये राज्यात 'चावडी वाचन' झाले. गावकऱ्यांसमोर नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही कान असतात. आणि शेजाऱ्याचे शेत शेजाऱ्याला ठाऊक असते! हीच प्रथा कायमची का करू नये? 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभांत प्रत्येक योजनेची यादी वाचली जावी. ज्याचे नाव गळाले, त्याची हरकत कागदावर घ्यावी, पोच द्यावी, आणि निर्णय होईपर्यंत त्याचा हक्क रोखू नये. अंगठा जुळला नाही म्हणून कोणीही रिकाम्या हाताने परतू नये. नगरपंचायत झालेल्या बेसासारख्या गावात ग्रामसभाच उरली नाही. तेथे तर वॉर्डावॉर्डांत असे वाचन मागून घ्यावे लागेल.

आता दोन शब्द आपल्या घरच्यांसाठी. आपल्या धर्मग्रामातील ज्या तरुणांची बोटे संगणकावर सराईतपणे चालतात, त्यांनी महिन्यातील एक रविवार दुपार जवळच्या खेड्यात द्यावी. अर्ज भरून द्यावेत, आणि भरलेला अर्ज त्या माणसाला वाचूनही दाखवावा. त्याच्या नावाने काय लिहिले गेले, हे त्याला कळणे हा त्याचा मान आहे. जे गाव आपल्या नोंदी स्वतः ऐकते आणि चुकल्यास हात वर करते, त्याच गावात संगणक सेवक म्हणून राहील. एरवी तोच नवा पाटील होईल आणि त्याच्या ओसरीवर शेतकरी पूर्वीसारखाच टोपी काढून उभा राहील.