ओहोटीच्या शेजारी

सागरी जीवशास्त्रज्ञ आणि लेखिका रेचेल कार्सन यांनी १९५३ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, साउथपोर्ट बेटावर समुद्रालगत घर बांधलं आणि पुढचे उन्हाळे तिथे काढले. खडकांतल्या डबक्यांतले जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झाले की रात्र झाली तरी ते पुन्हा समुद्रात नेऊन सोडायचे, हा त्यांचा शिरस्ता मला त्यांच्या लेखनाइतकाच मोलाचा वाटतो. १९५५च्या त्यांच्या ‘द एज ऑफ द सी’ या पुस्तकात या किनाऱ्याचा मोठा वाटा आहे. असं लिहिण्याजोगं आपल्या कोकण किनाऱ्यावरही आहे. वेळास गावचे लोक समुद्री कासवांची घरटी राखतात. खाडीत कालवं काढणाऱ्या बायका तिथीवरून ओहोटीची वेळ सांगतात. हे लिहायला दोन दिवसांची सहल पुरणार नाही. साहित्यसंस्थांनी एखाद्या लेखकाचा वर्षभराचा राहण्याजेवणाचा खर्च उचलावा आणि त्याला कोकण किनाऱ्यावर राहू द्यावं.