घरातला सिक रिपोर्ट

फौजेत आजारी पडायचीही एक रीत आहे. सकाळी अंगात कणकण वाटली की जवान सिक रिपोर्टला नाव देतो, एमआय रूमला जातो, डॉक्टरसाहेब तपासतात आणि लिहून देतात. अटेंड बी म्हणजे बिछान्यावर विश्रांती, अटेंड सी म्हणजे हलकी कामं. त्या कागदाला सगळे मान देतात. ज्याची गार्ड ड्यूटी होती त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. पोस्ट रिकामी राहत नाही, आणि पडलेल्या माणसाला 'आता माझं काम कोण करणार' याचा घोर नसतो.

आपल्या घरी मात्र ही सोय नाही. घर चालवणारी बाई तापली तर एक गोळी घेऊन पुन्हा ओट्याशी उभी राहते. तिचा सिक रिपोर्ट कुणी लिहीत नाही, कारण तिच्या जागी उभा राहणारा माणूसच ठरलेला नसतो. माझं स्पष्ट मत आहे की फौजी माणसाने, मग तो नोकरीत असो की पेन्शनवर, पलटणीतली ही एक शिस्त घरी आणलीच पाहिजे. हे मत पुस्तकातून आलेलं नाही. मार्च 2025 मधल्या एका आठवड्याने ते पक्कं केलं. तो आठवडा सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

माझं पोस्टिंग जयपूरला. फॅमिली क्वार्टरचा नंबर लागायचा आहे, म्हणून चाकसूत एका निवृत्त सुभेदार साहेबांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतलाय. चाकसू हे जयपूरपासून दक्षिणेला, टोंककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, साधारण चाळीस किलोमीटरवर. मी सकाळी बस धरतो, संध्याकाळी परततो. घरात सौ., नऊ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून आलेली आई. आईला शुगर आणि बीपी दोन्ही.

सोमवारी लेकीच्या अंगावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, कांजिण्या. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा बंद. तापाला पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन अजिबात द्यायची नाही, नखं बारीक कापा, खाज सुटली तर कॅलामाइन लावा. आणि ज्यांना पूर्वी कांजिण्या येऊन गेल्या नाहीत त्यांना, विशेषतः गरोदर बाईला, लांब ठेवा. सुभेदार साहेबांच्या सुनेला सातवा महिना. त्याच संध्याकाळी आम्ही खाली-वर येणं-जाणं बंद केलं.

मंगळवारी हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर जळाली. मिस्त्री म्हणाला, वाइंडिंग गेलंय, तीन दिवस लागतील. मी जयपूरला ड्यूटीवर. पोरीचे कपडे, चादरी रोज धुवायच्या, आईची आंघोळ, भांडी, सगळं पाणी बादलीने जिना चढून आणायचं. आणलं सौ.ने. बुधवारी दुपारी तिची कंबर धरली, ती अशी की कुशीवर वळता येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नसेवर दाब नाही, स्नायू आखडलेत. पण वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. आमच्या भाषेत अटेंड बी.

गुरुवारपासून मला तीन दिवसांची सीएल मिळाली. त्याच दिवशी आईच्या शुगरच्या गोळ्या संपल्या. गावाकडून आणलेल्या पाकिटावरचं नाव इथल्या औषधवाल्याकडे नव्हतं. तो म्हणाला, "फौजी साब, सॉल्ट का नाम बताइए." बारीक अक्षरात मेटफॉर्मिन लिहिलेलं सापडलं, किती मिलिग्रॅम तेही सापडलं, आणि काम झालं. संध्याकाळी भाताला वाफ येत असताना गॅस संपला.

यातलं एकही संकट मोठं नव्हतं. कांजिण्या बहुतेक मुलांना आठवड्या-दीड आठवड्यात बऱ्या होतात, कंबर सुटते, मोटर दुरुस्त होते. सगळं एकाच आठवड्यात एकाच घरावर आलं, म्हणून ते जड झालं. आणि जड होण्याचं खरं कारण मला गुरुवारीच कळलं. सौ. पडल्या पडल्या सांगत होती, "अहो, आईंची बीपीची गोळी जेवणाआधी. पिण्याचं पाणी कॅम्परमधलंच घ्या, हौदातलं नको. दूधवाल्याचे चार दिवसांचे राहिलेत. पोरीच्या बाईंना फोन करा, परीक्षेचं विचारा. गॅसचा ग्राहक नंबर निळ्या वहीत मागच्या पानावर." ते पाण्याचं सांगणं उगाच नव्हतं. राजस्थानात बऱ्याच ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त असतं, आणि ते पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात आणि हाडं धरतात.

पाणी भरणं, भाजी चिरणं, कपडे वाळत घालणं ही हातांची कामं मला येतात. कुठल्याही फौजीला येतात. आपण बंकरमध्ये स्टोव्हवर भात शिजवलाय, बर्फ वितळवून चहा केलाय, वर्दी स्वतः धुऊन इस्त्री केलीय. अवघड होतं ते दुसरंच. कुठलं काम कधी, कुणाचं काय संपलंय, कुणाला काय चालत नाही, हे सगळं लक्षात ठेवणं. पलटणीत त्यासाठी ड्यूटी रोस्टर असतो, रजिस्टर असतं, सीएचएम असतो, क्लार्क असतो. घरात हे सगळं एका बाईच्या डोक्यात असतं. ती आजारी पडते तेव्हा हेडक्वार्टरच आजारी पडतं, आणि आपण विचारत राहतो, "चहाची पावडर कुठाय?"

आता चाकसूचं सांगतो, कारण योग असा की हा आठवडा इथल्या सर्वात मोठ्या सणाचा होता. गावाजवळ शील की डूंगरी नावाची टेकडी आहे, तिच्यावर शीतलामातेचं देऊळ. होळीनंतर आठव्या दिवशी, शीतला अष्टमीला, इथे मोठी जत्रा भरते. त्या दिवसाला बासोडा म्हणतात. घरात चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेलं थंड अन्नच मातेला दाखवायचं आणि खायचं. आपल्याकडे श्रावणात शीतला सप्तमीला बायका शिळं खातात, तसंच हे. त्या वर्षी अष्टमी 22 मार्चला, शनिवारी होती.

शीतला ही देवीच्या रोगाची माता. मराठीत तर आपण त्या रोगालाच 'देवी' म्हणतो. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग जगातून संपल्याचं जाहीर केलं. ते काम लसीने केलं. पण माता लोकांच्या मनातून गेली नाही, आणि आता अंगावर फोड येणाऱ्या कांजिण्यांनाही इथे 'माताजी' म्हणतात. खालच्या काकीसांनी जिन्याच्या कठड्याला कडुनिंबाचे डहाळे बांधले आणि खालूनच सांगितलं, "माताजी पधारी हैं, छौंक मत लगाना." औषध चालू ठेवलंच, पण डहाळ्यांना मी हात लावला नाही. ते बघून दूधवालाही जिन्याशीच थांबायचा. आमची निम्मी क्वारंटाइन त्या पाल्याने सांभाळली. फोडणी नको म्हटल्याने स्वयंपाकही सोपा झाला.

या मातेचं चित्र कधी नीट बघा. वाहन गाढव, एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात पाण्याचा कलश, डोक्यावर सूप. तलवार नाही, त्रिशूळ नाही. झाडलोट, पाणी आणि धान्य पाखडणं. जुन्या लोकांनी आरोग्याच्या देवीच्या हाती घरकामाची हत्यारं दिली. घरातलं आरोग्य कुठून येतं हे त्यांना नेमकं माहीत होतं.

आणि तरीही बासोड्याची दुसरी बाजू मी जिन्यातून पाहिली. शुक्रवारी, सप्तमीला, काकीसा दुपारपासून रात्री उशिरापर्यंत चुलीपुढे होत्या. पुए, पुऱ्या, बाजरीची ताकातली राबडी, दही-भाताचा गोड ओलिया. या तयारीच्या दिवसाला इथे रांधा पुआ म्हणतात. शनिवारी चूल थंड राहिली, सगळ्यांनी आरामात खाल्लं. आम्हालाही जिन्याच्या पायरीवर झाकलेलं ताट ठेवून गेल्या, आणि त्या ताटाने आमचा दिवस काढला. ते ऋण मी विसरणार नाही. पण हिशोब बघा. चुलीला सुट्टी मिळाली. बाईला नाही मिळाली. तिने एका दिवसात दोन दिवसांचं काम केलं. आपल्या घरातल्या बाईची प्रत्येक सुट्टी अशीच असते. माहेरी जायचं तर आधी पिठाचा डबा भरून, चटण्या करून, सगळ्यांना सूचना देऊन जायचं. दवाखान्यात ॲडमिट व्हायचं तरी आदल्या रात्री डबे लावून.

सरकारचं 2019 चं वेळ वापर सर्वेक्षण आहे. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ त्यात जातो. पुरुषाचा 97 मिनिटं. तीही जे पुरुष काम करतात त्यांची. असं काम करणारे पुरुष शंभरात 26 निघाले, बायका 81. पाच तास रोज, रविवार नाही, एलटीसी नाही, पेन्शन नाही.

माझे काही मित्र यावर म्हणतील, "वाटणी ठरलेली आहे. आम्ही सीमेवर, ती घरी." मान्य. फील्ड पोस्टिंगवर असताना दुसरा इलाजही नसतो, आणि तिने ते निभावलं म्हणून आपण निर्धास्त ड्यूटी केली. पण जवान चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शनला येतो. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं तो घरीच असतो. सीमा संपली, वाटणी मात्र तशीच राहिली, हे कुठलं गणित? कित्येक निवृत्त साहेब घरात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखे फिरताना दिसतात. भांडं जागेवर नाही, चहा गार झाला, पंखा चालूच राहिला. तपासणी सगळ्यांना जमते. रिलीफ द्यायला यावं.

म्हणून सांगतो, चार गोष्टी करा. त्यांना खर्च नाही.

पहिली, डोक्यातलं कागदावर आणा. गॅसचा ग्राहक नंबर, वीज बिलाचा नंबर, मिस्त्री, दूधवाला, डॉक्टर यांचे फोन आणि घरातल्या प्रत्येकाच्या औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ब्रँडचं नाव गावोगाव बदलतं, मूळ नाव बदलत नाही.

दुसरी, सगळे ठणठणीत असताना सराव करा. आठवड्यातला एक दिवस घर पुरुषाने आणि मुलांनी चालवायचं. आदल्या दिवशी तिने तयारी करून ठेवायची नाही, ही अट. लढाईच्या दिवशी कुणी पहिल्यांदा रायफल हातात घेत नाही.

तिसरी, तिची तपासणी. आपली वार्षिक मेडिकल होते, तिची कोण करतं? बीपी, शुगर, हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासून घ्या. नोकरीत असाल तर एमआय रूम आणि मिलिटरी हॉस्पिटल कुटुंबासाठीही आहे.

चौथी माजी सैनिकांसाठी. ईसीएचएस 1 एप्रिल 2003 पासून सुरू आहे, पण बऱ्याच घरांत कार्ड साहेबांच्या पाकिटात आणि माहिती साहेबांच्या डोक्यात. उद्या साहेबच पडले तर? पॉलीक्लिनिक कुठे आहे, रेफरल कसं घ्यायचं, अचानक प्रसंगी पॅनेलवरच्या हॉस्पिटलात थेट जाता येतं, पॅनेलबाहेर जावं लागलं तर पॉलीक्लिनिकला लगेच कळवायचं असतं, हे पत्नीला आणि मुलांना सांगून ठेवा. तिच्या डोक्यातलं जसं कागदावर यायला हवं, तसं आपलंही.

त्या शुक्रवारीच मोटर दुरुस्त होऊन आली. रविवारी लेकीच्या फोडांवर खपली धरली होती आणि सौ. काठीला धरून गॅलरीपर्यंत चालली. सोमवारी मी ड्यूटीवर गेलो तेव्हा आईने भाजी निवडायला घेतली होती, लेक दूधवाल्याचा हिशोब वहीत लिहीत होती, आणि सौ. अजून दोन दिवस अटेंड सीवर होती. तिने स्वतः तसं ठरवलं नव्हतं. बाकीच्या तिघांनी मिळून ठरवलं होतं.