पुराचे पाणी आणि कट्ट्यावरचे निकाल

पावसाळा तोंडावर आला की वसई-विरारमध्ये एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते : यंदा पाणी कुठवर चढणार? लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या आवारात, नाक्यावरच्या कट्ट्यावर निकाल झटपट लागतात. एकाच्या मते सारा दोष बिल्डरांचा, दुसऱ्याच्या मते धरणाच्या पाण्याचा. ‘वातानुकूलित दालनात बसणाऱ्यांना आमची खाडी काय कळणार?’ असे म्हणून तिसरा तज्ज्ञांना मोडीत काढतो, तर ‘आयआयटीने सांगितले म्हणजे संपले’ असे चौथा बजावतो. अखेरची दोन मते परस्परविरोधी खरी. परंतु बहुधा दोघांनीही अहवाल वाचलेला नसतो.

जुलै २०१८च्या पुरात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकलसेवा ठप्प झाली, मिठागरांतील माणसे अडकून पडली. त्यानंतर महापालिकेने कारणांचा शोध घेण्याचे काम नीरी आणि आयआयटी, मुंबई यांच्या समितीकडे सोपविले. तिने सुचविलेल्या उपायांत धारण तलावांचा समावेश होता. ‘आधीच पाणी तुंबते, त्यात आणखी तळी कशाला?’ हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो.

त्याचे उत्तर भूगोलात आहे. तुंगारेश्वराच्या डोंगरावरून उतरणारे पाणी खाड्यांकडे धावते. वाटेत रेल्वेचा भराव आडवा येतो आणि त्याखालच्या मोऱ्यांतूनच पाण्याला पुढे जावे लागते. त्याच वेळी भरती असेल तर खाडी नाल्यांचे पाणी घेत नाही. ओहोटी लागेपर्यंतचे ते काही तास पाणी थोपवून धरणे, हेच धारण तलावाचे काम.

वसईला ही कल्पना परकी नाही. इथल्या बागायतीतील बावखलांत पावसाचे पाणी साचे, जमिनीत मुरे आणि विहिरींना गोडे पाणी राही. पुढे अनेक बावखले बुजविली गेली. तज्ज्ञांच्या तलावाला हसणारा माणूस नकळत आपल्या आजोबांच्या शहाणपणालाच हसत असतो. मात्र वाडीला पुरणारे बावखल शहराला पुरणार नाही. किती पाणी, किती खोली, कोणती जागा हा हिशेब अभियंत्यालाच मांडावा लागेल. जुन्या अनुभवाला मोजमापाची जोड हवी, ती अशी.

तज्ज्ञ चुकत नाहीत काय? अवश्य चुकतात. दख्खनचे पठार भूकंपापासून सुरक्षित असल्याची समजूत ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाने मोडीत काढली. पण त्यानंतर देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा सुधारला, तो शास्त्रज्ञांनीच. पुराव्यापुढे मत बदलण्याची ही शिस्त कट्ट्यावर मात्र अभावानेच आढळते.

म्हणून तज्ज्ञांवर डोळे मिटून विश्वास नको आणि त्यांचा उपहासही नको. त्यांना प्रश्न विचारावेत : पावसाची व भरतीची कोणती आकडेवारी धरली? अहवालानंतर किती पाणथळ जागांवर भराव पडला? सुचविलेल्यापैकी काय झाले, काय राहिले? अहवालाचा मराठी सारांश प्रत्येक प्रभागात वाचला जावा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरावा. तळमजल्यावरचे कुटुंब दर पावसाळ्यात धान्याचे डबे माळ्यावर चढविते. त्याच्या दाराशी येणारे पाणी कट्ट्यावरचा वाद कोणी जिंकला हे पाहून थांबत नाही.