कोणतं केडगाव?

पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात, तर यवत गेलं की खुटबाव आणि खुटबावनंतर केडगाव. आता कुणाला सांगून बघा, ‘केडगावला चाललोय.’ लगेच विचारतील, ‘दौंडचं की नगरचं?’ मेनफ्रेमवाल्या दोस्तांचं अपग्रेडच्या वीकएंडचं सगळं टेन्शन या एका प्रश्नात आहे!

मेनफ्रेम म्हणजे डायनॉसॉर, असं समजू नका हं. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० आणलं. त्याच घराण्यातल्या मशीन्सवर आजही बड्या बँकांचे व्यवहार चालतात. त्यांची झेड/ओएस ही सिस्टिम साधारण दोन वर्षांनी नवी होते. ३.१ आली २०२३ मध्ये, ३.२ आली २०२५ मध्ये.

गंमत पुढे आहे. प्रोग्रॅम मागितला की सिस्टिम लायब्ररींच्या यादीत वरून खाली शोधत जाते. पहिला सापडला की शोध खल्लास. खाली त्याच नावाचा नवाकोरा प्रोग्रॅम असला, तरी त्याला विचारतो कोण! एरर नाही, काही नाही. जुनाच माल गुपचूप चालतो आणि सोमवारी बँक उघडल्यावर कळतं.

मग लायब्ररीच्या नावातच व्हर्जन घालायचं का? पूर्ण नावाला ४४ अक्षरं, ठिपक्यांमधल्या प्रत्येक तुकड्याला फक्त ८. व्हर्जन घातलं तर काय चालू आहे ते दिसतं, पण दर अपग्रेडला शेकडो जॉब्ज बदलत बसा. एखाद्या जॉबने स्वतःची जुनी लायब्ररी सांगितलेली असली, तर ती या यादीच्याही आधी बघितली जाते. तोच जॉब नेमका विसरतो! नाही घातलं तर काम सोपं, पण रात्री तीनला कोणतं केडगाव ते कळत नाही. मला पटतो तो मधला मार्ग: खऱ्या नावात व्हर्जन ठेवा आणि जॉब्जसाठी बिनव्हर्जनचं टोपणनाव. अपग्रेडला फक्त टोपणनाव नव्याकडे वळवायचं.

खुद्द सिस्टिमच्या लायब्ररींचं वेगळं. तिथे नावं तीच, डिस्क दोन. नव्या डिस्कवरून मशीन चालू करा. बिनसलं तर जुनीवरून.

यादी चालू मशीनवरही बदलता येते. पण आधीपासून चालू असलेले जॉब्ज जुन्याच यादीला चिकटून राहतात, त्यामुळे दोन याद्या एकाच वेळी जिवंत! अशा वेळी यादीचं नाव ‘न्यू’, ‘न्यू२’, ‘फायनल’ असं ठेवणाऱ्याला कँटीनचं बिल भरायला लावा. तारीख घाला नावात, बॉस.